पाठुंगळी की वेगळं बिऱ्हाड? आमच्या टी-जेटची गोष्ट



दांडिया बाजारातले वाडे, सुरसागर, गणपतीतली नाटकं यांवर ग्रुपवर भरपूर आणि सुंदर लिहून झालंय. आज मी गॅरेजातली एक आठवण लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. गाड्यांचं वेड नसलेल्यांनीही वाचा, कारण यात गाडीइतकीच आमची ताई आहे. तांत्रिक शब्द येतील तिथे घरगुती भाषेत समजावून सांगतो. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं आणि कारागिरीचं शिक्षण आपल्या भाषेत द्यायचा प्रयत्न तिथे झाला. त्या गावचे आपण, मग इंजिनाबद्दल मराठीत लिहायला लाजायचं कशाला!

आधी गाडी. माझ्या भाऊजींनी २०११ मध्ये फियाटची लिनिया टी-जेट घेतली. रांजणगावला बनलेली, १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, ११४ पीएस. त्या काळात टर्बो म्हटलं की लोकांना डिझेल गाडीच आठवायची. पेट्रोल टर्बो, तीही घरगुती सेडान, आमच्या ओळखीत कोणाकडेच नव्हती. टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा दाबून भरायची. जास्त हवा, त्या हिशेबाने जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. भाऊजी आपल्या गाडीबद्दल म्हणायचे, "दिसायला सोवळ्यातली, आतून वांड."

भाऊजी २०१६ मध्ये गेले. गाडी भाच्याकडे आली, पण खरी मालकीण ताईच. दर पौर्णिमेला भाऊजी तिला डभोईमार्गे गरुडेश्वरला न्यायचे. टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन, नर्मदेच्या घाटावर अर्धा तास बसणं, आणि परत. ते गेल्यावर भाच्याने हा नेम चालू ठेवला. गाडी विकायचा विषय घरात एकदाच निघाला. ताई एवढंच म्हणाली, "ती आहे तोवर राहू दे." पुढे कोणी बोललं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत, एक लाख दहा हजार किलोमीटरच्या आसपास, गाडी निळा धूर सोडायला लागली. टर्बोच्या बेअरिंगमधून तेल जात होतं. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचं गॅरेज प्रतापनगरच्या बाजूला आहे. त्यांनी खोलून दाखवलं आणि टर्बो नवा किंवा दुरुस्त केलेला बसवावा लागेल म्हणून सांगितलं. इथे भाच्याने डोकं वर काढलं. "मामा, बसवायचाच आहे तर मोठा टर्बो बसवू. आणि कंपनीचा ईसीयू काढून स्टँडअलोन लावू."

ईसीयू म्हणजे इंजिनाचा मेंदू. हवेचा दाब, हवेचं आणि पाण्याचं तापमान, क्रँकची जागा, पेडल किती दाबलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं तो क्षणाक्षणाला वाचतो आणि दोन मोठे निर्णय घेतो. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची. पूर्वी पहिलं काम कार्ब्युरेटर करायचा आणि दुसरं डिस्ट्रिब्युटर. बॉशने १९७९ मध्ये मोट्रॉनिक नावाने ही दोन्ही कामं एकाच डब्यात आणली. आपल्याकडे उस्तादांच्या पिढीने हे डबे जवळून पाहिले ते १९९६ नंतर, हालोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा बनायला लागली तेव्हापासून. उस्ताद सांगतात, सुरुवातीला बॉनेट उघडून लोक नुसते बघत उभे राहायचे, जेट साफ करायला कार्ब्युरेटरच सापडायचा नाही!

आता दोन पर्याय समजून घ्या.

पहिला पिगीबॅक. पिगीबॅक म्हणजे आपलं पाठुंगळी बसणं. कंपनीचा ईसीयू जागेवरच राहतो आणि हा छोटा डबा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये तारांवर बसतो. समजा घरात जुनी स्वयंपाकीण आहे, तिचं सगळं मापाने चालतं. तुम्हाला आमटी जरा झणझणीत हवी आहे, पण ती ऐकणार नाही. तर तुम्ही गुपचूप तिचा तिखटाचा चमचा बदलून मोठा ठेवता. ती आपल्या हिशेबाने एक चमचाच घालते, आमटी मात्र तुमच्या मनासारखी होते. पिगीबॅक दाबाच्या सेन्सरचा आकडा थोडा कमी करून ईसीयूला दाखवतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो टर्बोला आणखी फिरू देतो. पण हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण कोरडं पडून पिस्टन जळू शकतो. म्हणून चांगला पिगीबॅक इंजेक्टरच्या आणि ठिणगीच्या तारांवरही बसतो, पेट्रोल वाढवतो आणि ठिणगी जरा उशिरा पाडतो. नुसत्या दाबाच्या सेन्सरला फसवणारे स्वस्त डबेही मिळतात. त्यांच्यापासून लांब राहा.

दुसरा स्टँडअलोन, म्हणजे वेगळं बिऱ्हाड. जुनी स्वयंपाकीण रजेवर, नवीन आचारी हजर. तो म्हणाल ते करेल, कितीही मोठा टर्बो असो. पण घरात आजोबांना कमी मीठ लागतं, धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, दूधवाला किती वाजता येतो, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. सगळं तुम्ही सांगायचं. पेट्रोलचा तक्ता भरायचा, सोळा ओळी सोळा रकाने म्हटले तरी २५६ घरं. ठिणगीचा तक्ता वेगळा. थंड इंजिन सुरू करताना किती, एसी लावल्यावर आरपीएम किती उचलायचा, पंखा किती डिग्रीला लावायचा, हेही वेगळं. शिवाय आजच्या गाडीत ईसीयू एकटा नसतो. मीटर, चावीतली चोररोधक यंत्रणा, एबीएस हे सगळे एकाच तारेवर एकमेकांशी बोलत असतात. नवा आचारी ती भाषा बोलला नाही तर मीटरवर दिवाळी आणि गाडी सुरूच होत नाही, असंही होतं.

घरात दोन पक्ष पडले. भाच्याचं म्हणणं होतं की पिगीबॅक म्हणजे फसवाफसवी. "मामा, मेंदूला खोटं सांगून गाडी पळवायची? त्यापेक्षा मेंदूच आपला ठेवू, सगळं स्वच्छ." मुद्दा चुकीचा नव्हता. त्याच्या एका मित्राने स्वस्तातला डबा लावला होता. पहिला आठवडा गाडी उडायची, दुसऱ्या आठवड्यात होती तशीच झाली. कारण सरळ होतं. रोजच्या चालण्यात ईसीयू धुरातला ऑक्सिजन बघून स्वतःचं माप हळूहळू दुरुस्त करत जातो. स्वयंपाकिणीने आमटी चाखून बघितली, तिखट लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून चमचा अर्धाच भरायला लागली! ती दुरुस्ती जिथे लागू नसते, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर, तिथेच पिगीबॅकने काम केलं तर ते टिकतं.

उस्तादांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "साहेब, दोडे तो बधी. सवारे सेल मारो ने तरत चालु थाय, ए साची गाडी."

निवाडा माझ्याकडे आला, कारण माझी नोकरी सगळी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, कोयलीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात. ३ ते १५ पीएसआय हवेवर चालणारे कंट्रोलर मी हाताने लावले आहेत, नंतर ४ ते २० मिलीअँपिअरचे, आणि शेवटी पूर्ण पॅनल काढून डीसीएस बसवलेलंही बघितलंय. जुन्या कंट्रोलवर छोटी सुधारणा करायची की सगळंच उखडून नवीन बसवायचं, हा वाद मी कारखान्यात निदान दहा वेळा ऐकला असेल. तिथे आमचे वरिष्ठ एकच प्रश्न विचारायचे, "तार तुटली तर काय होईल?"

४ ते २० मधला तो ४ कशासाठी असतो माहीत आहे? शून्य माप असेल तेव्हाही तारेत ४ मिलीअँपिअर वाहत राहतात. म्हणजे खरंच शून्य आलं तर ऑपरेटरला कळतं की हे माप नाही, तार तुटली आहे. आमचं सगळं शास्त्र या एका सवयीवर उभं आहे. यंत्र नीट चालताना कुठलं जास्त चांगलं, हे नंतर. बिघडलं की कुठलं कसं वागेल, हे आधी.

मी भाच्याला कागद दिला आणि दोन रकाने आखायला लावले. मोठा टर्बो आणि स्टँडअलोन लावून पौर्णिमेला तुम्ही डभोईच्या पुढे आहात. तापमानाचा सेन्सर गेला. काय होईल? कंपनीचा ईसीयू असेल तर तो एक ठरलेलं तापमान धरून, जोर कमी करून, दिवा लावून घरापर्यंत आणतो. ही सोय कंपनीच्या लोकांनी उन्हात, थंडीत, घाटात महिनोन् महिने गाड्या पळवून बसवलेली असते. स्टँडअलोनमध्येही ती असू शकते, पण भरायची कोणी? तू. तपासायची कोणी? तू. आणि तू कंपनीच्या कामाने पुण्याला असलास आणि गाडी शेजाऱ्याचा मुलगा चालवत असला तर? मागच्या सीटवर ताई आहे आणि लॅपटॉप पुण्यात.

मग पिगीबॅकचा रकाना. तिथेही मी सोडलं नाही. पिगीबॅकचा धोका हा की तो पहारेकऱ्यालाच खोटं सांगतो. दाब वाजवीपेक्षा वाढला तर तोडायचं काम ईसीयूचं असतं, पण त्याला खरा दाब दिसतच नाही. त्यामुळे खरा दाब दाखवणारं वेगळं मीटर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, हे दोन्ही लावल्याशिवाय पिगीबॅकला हात लावायचा नाही. आणि नॉक सेन्सरच्या तारेला कोणी शिवायचं नाही, ती सरळ कंपनीच्या ईसीयूकडेच जाईल. पेट्रोल वेळेआधी पेटून सिलिंडरमध्ये टकटक झाली तर ठिणगी मागे घ्यायचं काम जुन्या स्वयंपाकिणीकडेच राहू दे, तिचे कान तयार आहेत.

काही जाणकार आत्ताच लिहायला बसले असतील, की काका, रीमॅप का नाही? कंपनीच्याच ईसीयूमधले तक्ते बदलायचे, ना खोटं बोलणं, ना वेगळं बिऱ्हाड. बरोबर आहे, आणि पुष्कळ गाड्यांना तोच उत्तम मार्ग आहे. याच १.४ टी-जेट घराण्याचं इंजिन रांजणगावहून २०१५ मध्ये अबार्थ पुंटोत १४५ पीएसचं होऊन आलं, म्हणजे इंजिनात जागा आहे हे कंपनीनेच दाखवलं होतं. आमची अडचण वेगळी होती. ती फाइल दुसऱ्या शहरातला कोणीतरी बनवणार, आत काय बदललं ते आम्हाला दिसणार नाही, आणि परत मूळ करायचं तर पुन्हा त्याच्याकडेच जावं लागणार. आमची अट अशी ठरली की रस्त्यात काही झालं तर उस्तादांनी, किंवा फोनवर सांगून कोणीही, दोन कनेक्टर काढून सोबतचा बायपास प्लग लावावा आणि पाच मिनिटांत गाडी कंपनीने दिली तशी व्हावी. या अटीत पिगीबॅक एकटाच बसत होता.

खर्चाचाही हिशेब होता. आम्हाला मिळालेल्या आकड्यांप्रमाणे पिगीबॅक आणि दोन मीटरं मिळून पंचेचाळीस हजारांच्या आत. स्टँडअलोन, नवीन वायरिंग, सेन्सर आणि ट्यूनिंग धरून दीड लाखाच्या वर, मोठा टर्बो आणि क्लच वेगळे. आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं होतं. मोठा टर्बो, वेगळा ईसीयू लावलेली गाडी ही ट्रॅकची गाडी. ती गरुडेश्वरच्या रस्त्यावर न्यायची नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. आम्ही इंजिनाला हात न लावता मूळ मापाचाच टर्बो ठेवला, पीयूसी करून घेतलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं.

भाचा रुसला. दोन दिवस फोन नाही. ताई मला म्हणाली, "तू माझं नाव पुढे करून त्याला अडवलंस ना?" मी म्हटलं, "ताई, तुझं नाव नाही, तुझी सीट पुढे केली." ती हसली. मग म्हणाली, "त्याच्या बाबांनी त्याला कधी स्क्रू ड्रायव्हर सोडू दिला नाही. हातातलं काम काढून घेऊ नकोस त्याच्या."

हे मला लागलं. मग दुसरी व्यवस्था केली. उस्तादांकडे मागच्या बाजूला अपघातातल्या एका मारुतीचं इंजिन पडून होतं. ते मी विकत घेतलं. लोखंडी स्टँडवर बसवलं, रेडिएटर जोडला, आणि भाच्याला सांगितलं, याला लाव तुझं स्टँडअलोन. त्याने मेगास्क्वर्ट मागवलं. हे बाउलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकन मंडळींनी हौशी लोकांसाठी बनवलेलं, स्वतः जोडायचं यंत्र. तारा त्याने स्वतः ओढल्या. पहिल्या दिवशी इंजिन नुसतं शिंकलं. नवव्या दिवशी धडधडत सुरू झालं आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. थंडीत सुरू होतं तर गरम झाल्यावर होत नाही, पंखा लागला की आरपीएम पडतो, हे सगळं तो तिथे शिकला. एक महिन्याने स्वतःच म्हणाला, "मामा, कंपनीवाले एवढं सगळं कसं करतात रे?" मी काही बोललो नाही.

टी-जेटचं ट्यूनिंग आम्ही मुद्दाम मे महिन्यात केलं. बडोद्यात जानेवारीत लावलेलं ट्यूनिंग भरवशाचं नसतं. थंड हवेत टर्बो खूश असतो. मेमध्ये ४३ डिग्रीत हवा आधीच तापलेली, त्यात टर्बो ती दाबून आणखी तापवतो, आणि नॉकिंग तिथेच सुरू होतं. पेट्रोलचंही तसंच. १९६५ पासून चालणारी कोयलीची रिफायनरी आपल्या दाराशी, पण तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल स्वतःहून पेटायला उशीर लावतं. आम्ही ठरवलं की सगळं ९१ वरच बसवायचं. डभोईच्या पुढच्या पंपावर जे मिळेल ते चाललं पाहिजे.

कंपनीच्या दाबापेक्षा फक्त ०.१५ बार वाढवला. पूर्ण जोरात मिश्रण साडेअकरा-बाराच्या दरम्यान ठेवलं. साधं आदर्श प्रमाण १४.७, पण टर्बोवर जास्तीचं पेट्रोल आतून गारवाही देतं. भाचा चालवायचा, मी शेजारी लॅपटॉप घेऊन, उस्ताद मागे डोळे मिटून फक्त आवाज ऐकत. चौथ्या गियरमध्ये ६० ते १०० ला आधी ८.४ सेकंद लागायचे, नंतर ७.३. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ट्रकला ओलांडताना तो एक सेकंद पायाला कळतो. भाच्याने आणखी ०.१ बार मागितला. उस्ताद मागून म्हणाले, "बस." त्यांना एक बारीक टकटक ऐकू आली होती. लॅपटॉपवर पाहिलं तर त्याच क्षणी ईसीयूने ठिणगी मागे घेतली होती. माणूस आणि यंत्र दोघांचं एकमत, तिथेच थांबलो.

त्या ३१ जुलैला काय झालं ते तुम्हा सगळ्यांना आठवतंय. चोवीस तासांत वीसेक इंच पाऊस, विश्वामित्री घरात. गाडी उंचावर लावली होती म्हणून वाचली, पण दोन दिवस सपासप पावसात उभी होती. तिसऱ्या दिवशी सुरू केली तर दिवा लागला आणि इंजिन अडखळायला लागलं. डबा आम्ही केबिनमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवला होता, तो कोरडा होता. बॉनेटखालच्या एका कनेक्टरमध्ये ओल गेली होती. भाचा तेव्हा खरोखरच पुण्यात होता. ताईने शेजारच्या मुलाला हाक मारली आणि भाच्याने फोनवर सांगितलं तसे दोन कनेक्टर काढून त्याने बायपास प्लग लावला. गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचं होतं, त्या गाडीतच गेल्या. पुढच्या रविवारी भाच्याने येऊन कनेक्टर सुकवला, ग्रीस भरलं आणि पाठुंगळीवरचं पोर परत चढवलं.

आज गाडीने एक लाख साठ हजार ओलांडले आहेत. हालोलच्या त्याच कारखान्यातून आता एमजीच्या टर्बो पेट्रोल गाड्या बाहेर पडतात, आणि टर्बो हा शब्द बडोद्यात कोणालाच नवीन राहिलेला नाही. तरुण मुलं मला फोन करून विचारतात, काका, पिगीबॅक की स्टँडअलोन? मी त्यांना उलट तीन प्रश्न विचारतो. गाडी फक्त तुझी आहे की घरातलं आणखी कोणी तिच्यावर अवलंबून आहे? टर्बो मूळ मापाचा ठेवणार की मोठा? आणि बिघडली तर तुझ्याशिवाय कोण दुरुस्त करेल? टर्बो मोठा असेल आणि गाडी फक्त ट्रॅकसाठी असेल तर बिनधास्त वेगळं बिऱ्हाड कर, पाठुंगळीचं पोर तिथे पुरं पडणार नाही. पण घरची गाडी असेल, तर जुन्या स्वयंपाकिणीला घालवण्याआधी ती रोज न सांगता काय काय सांभाळते त्याची यादी कर. यादी कागदावर लिही. अर्ध्यात आलास की उत्तर तुझं तुलाच मिळेल.

मारुतीचं ते इंजिन उस्तादांकडे अजून आहे. रविवारी दोन-चार पोरं येऊन त्यावर हात साफ करतात, भाचा शिकवतो. तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला किंवा मुलीला शिकायचं असेल तर जरूर सांगा, फी नाही, फक्त हात काळे करायची तयारी हवी. आणि जुन्या काळी बडोद्यात पद्मिनी, अँबेसेडर, काँटेसा यांची इंजिनं कोणी कोणी आणि कशी "बनवली", त्या आठवणी कमेंटमध्ये नक्की लिहा. उस्तादांना वाचून दाखवीन.

जय गुरुदेव दत्त.